पहिला ठोका: दुपारी पेंगणाऱ्या ऑर्डरींचं प्रकरण

मुंबईहून फोन आला तेव्हा पावणेतीन वाजले होते. आमचं गिऱ्हाईक म्हणजे एका ब्रोकरकडचा, कंपनीच्याच भांडवलावर शेअर बाजारात ट्रेडिंग करणारा डेस्क. त्याचे प्रमुख तक्रार कधी आडवळणाने करत नाहीत. म्हणाले, "अहो, तुमचं सॉफ्टवेअर सकाळी पळतं आणि दुपारी पेंगतं. जेवण जास्त होतंय का त्याला?"

आम्ही तिघं होटगी रोडवर, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून, भाव बघून आपोआप ऑर्डर पाठवणारं हे सॉफ्टवेअर लिहितो. मे महिन्यातल्या सोलापुरात दुपारी दोननंतर पेंगत नाही असा माणूस दाखवा. पण प्रोग्रामवर हा आरोप पहिल्यांदाच झाला होता. सॉफ्टवेअरवाले देतात तेच उत्तर आम्हीही दिलं: आमच्याकडे तर नीट चालतंय. आणि खरंच चालत होतं. बाजाराचा रेकॉर्ड केलेला डेटा आमच्या चाचणी मशीनवर पुन्हा सोडला की किमतीचं पॅकेट आत आल्यापासून ऑर्डर बाहेर जाईपर्यंत साधारण ६ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) लागायचे. शंभरातल्या नव्याण्णव वेळा ९ च्या आत. मुंबईच्या सर्व्हरवरच्या लॉगचे (प्रोग्रामने ठेवलेल्या नोंदींचे) आकडेही जवळपास तेच सांगत होते. तरी गिऱ्हाइकाला दुपारी ऑर्डर लागत नव्हत्या. समोरचा भाव आमची ऑर्डर पोचेपर्यंत दुसराच कोणीतरी उचलून नेत होता.

पुढे जाण्याआधी एक खुलासा, कारण लग्नाच्या पंगतीत हमखास विचारलं जातं: सोलापुरात बसून एवढ्या वेगाचं काम कसं जमतं? ऑर्डर सोलापुरातून जातच नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. सोलापूर ते मुंबई ४०० किलोमीटर धरले, तर एका बाजूचेच २,००० मायक्रोसेकंद झाले. तेवढ्यात आमचा प्रोग्राम तीनशे ऑर्डरी पाठवून मोकळा होतो. म्हणून कोड चालतो तो वांद्रे-कुर्ला संकुलात, एक्स्चेंजच्या कोलोकेशनमधल्या, म्हणजे ब्रोकरांचे सर्व्हर एक्स्चेंजशेजारीच ठेवायच्या जागेतल्या, रॅकमध्ये. सोलापुरात आम्ही लिहितो, तपासतो आणि बाजार बंद झाल्यावर लॉग वाचतो.

हा प्रोग्राम जो व्यवहार शोधतो त्याला डेस्कवर 'कन-रेव' (कन्व्हर्जन-रिव्हर्सल) म्हणतात. एकाच स्ट्राइकचा, म्हणजे आधी ठरलेल्या एकाच भावाचा, कॉल (खरेदीचा हक्क) घ्यायचा आणि पुट (विक्रीचा हक्क) विकायचा. दोन्ही मिळून फ्युचरसारखंच, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यासारखंच, वागतं. हे बनवलेलं फ्युचर आणि बाजारातलं खरं फ्युचर यांच्या भावात खर्च वजा जाता काही उरत असेल, तर एक घ्यायचं, दुसरं विकायचं. तीन पायांचा व्यवहार. असा फरक क्षणभर उघडतो आणि त्यावर टपून बसलेले आम्ही एकटे नसतो. त्यामुळे प्रोग्रामचा दिवस असा जातो: टिक-बाय-टिक फीडची, म्हणजे बाजारातला प्रत्येक बदल कळवणाऱ्या प्रवाहाची, पॅकेटं सकाळी सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत अखंड वाचायची, प्रत्येकावर 'नाही, नाही, नाही' म्हणायचं, आणि दिवसातून शंभर-सव्वाशे वेळा 'हो' म्हणायचं. त्यातलेही निम्म्याहून जास्त 'हो' पहिल्या अर्ध्या तासातले.

आकडे खोटे नव्हते, प्रश्न चुकीचा होता

पहिले चार दिवस आम्ही वाया घालवले. नेटवर्क कार्ड, स्विच, एक्स्चेंजची लाइन, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. ऑर्डरी ज्या टीसीपी जोडणीवरून एक्स्चेंजकडे जातात तिच्यावर नेगलचं अल्गोरिदम चालू राहिलं असेल, अशीही शंका आली. ते चालू असलं तर छोटं पॅकेट आधीच्या पॅकेटची पोच येईपर्यंत थांबवून ठेवलं जातं, म्हणजे तीन पायांपैकी दुसरा पाय पहिल्याची वाट बघत बसतो. पण ते आम्ही पहिल्याच दिवशी बंद केलेलं होतं, आणि तसंही त्याचा सकाळ-दुपारीशी काही संबंध नाही. दुपारी बाजार थंड असतो. काम कमी असताना मशीन हळू का व्हावं, हे आमच्या डोक्यात बसेना.

पाचव्या दिवशी माझ्या धंद्यातल्या जोडीदाराने लॉग काढणारा कोड उघडला आणि काही वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "हे आपण कशाची सरासरी काढतोय रे?"

आम्ही प्रत्येक पॅकेटवरचा वेळ मोजत होतो. 'नाही' म्हटलेल्या पॅकेटांचाही. दिवसाकाठी कोट्यवधी 'नाही' आणि सव्वाशे 'हो' एकाच टोपलीत. त्या टोपलीतून नव्याण्णवावा टक्का काढा नाहीतर नव्याण्णव पूर्णांक नव्याण्णवावा, सव्वाशे ऑर्डरी त्यात कुठे दिसणारच नाहीत. गिऱ्हाइकाचे पैसे अवलंबून होते ते त्या सव्वाशेंवर, आणि आम्ही मोजत होतो बाकीचे सगळे.

सोलापूरची चाचणी तर त्याहून गोड बोलणारी. चाचणीत ऑर्डरी भरपूर मिळाव्यात म्हणून आम्हीच भावातल्या फरकाची मर्यादा इतकी खाली आणली होती, की दर दहा-बारा पॅकेटांमागे एक ऑर्डर सुटायची. ऑर्डर पाठवणारा कोड त्यामुळे कायम तापलेला. खऱ्या बाजारात तो कोड वीस-वीस मिनिटं झोपलेला असतो, हे चाचणीला ठाऊकच नव्हतं.

मग आलेख काढला. फक्त ऑर्डरी घेतल्या. आडव्या अक्षावर आधीच्या ऑर्डरीपासून किती वेळ गेला ते, उभ्या अक्षावर या ऑर्डरीला किती मायक्रोसेकंद लागले ते. पॅकेट आल्याची वेळ प्रोग्रामच्या घड्याळावरून न घेता नेटवर्क कार्डावरच्या घड्याळावरून घेतली, कारण प्रोग्राम पॅकेट वाचतो तेव्हापासून मोजलं तर त्याआधीची ताटकळण्यात गेलेली मिनिटं, म्हणजे मायक्रोसेकंद, हिशेबातच येत नाहीत.

आलेख बघून वाद संपले. आधीची ऑर्डर एका मिलिसेकंदाच्या आत गेलेली असेल तर ६ ते ७. काही सेकंद गेले असतील तर ५०, ६०. दहा मिनिटं शांततेत गेली असतील तर १४० पर्यंत. दुपारी ऑर्डर हळू जात नव्हती. *विश्रांतीनंतरची* ऑर्डर हळू जात होती. सकाळीही पहिली ऑर्डर अशीच रखडायची, फक्त तिच्या पाठोपाठ आणखी चार झपाट्याने सुटायच्या आणि त्यातली एखादी लागायची, म्हणून 'सकाळी पळतं'.

त्याच आठवड्यात मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मामांच्या शेडवर गेलो होतो. मामांचे टॉवेलचे माग आहेत. वीज गेली होती, ती आली आणि माग पुन्हा सुरू झाले. मामांनी कापडावर बोट ठेवून मला एक बारीक आडवी रेघ दाखवली. "माग थांबला की ही पडणारच बघ. पहिला ठोका हलका बसतोय. मोटर अजून उठलेली नसती." आडवा धागा ठोकून बसवणारी फणी पूर्ण वेगात यायच्या आत पहिला धागा बसतो, म्हणून तिथे वीण जरा विरळ राहते. कारागीर माग हाताने थोडा मागे घेऊन मग सुरू करतो, तरी जाणत्या नजरेला रेघ दिसतेच.

मागावरून आम्हाला कोडं सुटलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालेलं नाही, आलेख आधीच हातात होता. पण नाव मात्र तिथून मिळालं. आमच्या खोल्यांत या दोषाला आता 'पहिला ठोका' म्हणतात.

झोप आणि थंडी

पहिल्या ठोक्यात दोन वेगळे दोष मिसळलेले होते. ते वेगळे करायला आठवडा गेला.

एक, झोप. आमच्या रचनेत फीड वाचणारा थ्रेड (प्रोग्राममधला स्वतंत्रपणे चालणारा धागा) वेगळा आणि ऑर्डर पाठवणारा वेगळा होता. मध्ये रांग. रांगेत काही नसलं की दुसरा थ्रेड झोपायचा, काम आलं की पहिला त्याला उठवायचा. पुस्तकी रचना, दिसायला नीटनेटकी. पण थ्रेड झोपला की लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम त्या कोरला, म्हणजे तो थ्रेड चालवणाऱ्या प्रोसेसरच्या भागाला, काम नाही असं धरते आणि प्रोसेसर वीज वाचवायला लागतो. रिकामा वेळ जितका लांब, झोप तितकी गाढ. इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरांत सी-१ या हलक्या डुलकीतून उठायला एक-दोन मायक्रोसेकंद पुरतात, सी-६ मधून बाहेर यायला शंभराच्या वर लागतात. सहा मायक्रोसेकंदांच्या कामासाठी शंभर मायक्रोसेकंद नुसतं अंथरुणातून उठायला.

यावर उपाय सोपा होता, जरा ओबडधोबड. दुसरा थ्रेड काढूनच टाकला. जो थ्रेड भाव वाचतो तोच निर्णय घेतो आणि तोच ऑर्डर पाठवतो. त्याच्यासाठी एक कोर राखून ठेवला, लिनक्सला सांगितलं की इथे दुसरं कुठलंही काम आणू नकोस, आणि थ्रेड कधी झोपतच नाही. पॅकेट आलं का, आलं का, असं अखंड विचारत फिरत राहतो. विजेचा हा चक्क अपव्यय आहे. आमच्या चाचणी मशीनवर हाच प्रयोग चालू असताना एकदा एसी बंद पडला, खोलीत घामाच्या धारा, आणि गरम झालेल्या प्रोसेसरने स्वतःचा वेग उतरवला. दोन तास आम्ही कोडमध्ये चूक शोधत होतो.

१४० चे २५ झाले. २५ मात्र हलेनात.

दोन, थंडी. थ्रेड जागा होता, पण ऑर्डर बनवणारा कोड आणि त्याला लागणारा डेटा प्रोसेसरच्या जवळच्या कॅशेत, म्हणजे छोट्या पण चपळ मेमरीत, उरलेला नसायचा. जवळच्या कॅशेत वस्तू मिळाली तर नॅनोसेकंदाच्या आसपास काम होतं. रॅमपर्यंत जावं लागलं तर एका खेपेला शंभरेक नॅनोसेकंद. सूचनांसाठीचा सगळ्यात जवळचा कॅशे बऱ्याच प्रोसेसरांत अवघा ३२ किलोबाइटचा, आणि आमचा फीड वाचणारा कोड दिवसभर तो व्यापून बसलेला. वीस मिनिटांनी ऑर्डर पाठवायची वेळ आली की जोखमीची तपासणी, ऑर्डर क्रमांक, संदेशाचा साचा, एकेक गोष्ट लांबून आणायची. शे-दीडशे खेपा झाल्या की १५ मायक्रोसेकंद गेले. शिवाय कोड पुढे कुठल्या वाटेने जाईल याचा आधीच अंदाज बांधणारा प्रोसेसरमधला ब्रँच प्रेडिक्टर दिवसभर 'नाही' ऐकून ऐकून पक्का झालेला. 'हो' च्या वाटेवर तो ठेचकाळत जातो.

किरकोळ पापंही सापडली. ऑर्डरीच्या वाटेवर एक मेमरी मागणारी ओळ होती, आणि लॉगसाठी भावाचे रुपये-पैसे करून मजकूर जोडणारी दुसरी. भाव पैशांतल्या पूर्णांकांतच ठेवला, मजकूर नंतर, दुसऱ्या कोरवर. यावर जास्त लिहीत नाही.

खोट्या ऑर्डरी

थंडीवर या धंद्यात माहीत असलेला एक उपाय आहे: ऑर्डर पाठवायची नसतानाही अधूनमधून पूर्ण वाट चालून यायची आणि दारातून परत फिरायचं. खोटी ऑर्डर बनवायची, तिची जोखीम तपासायची, संदेश भरायचा, फक्त पाठवायची नाही. वाट तापलेली राहते. हे इतकं रुळलेलं आहे की ऑनलोड या, कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला) वळसा घालणाऱ्या नेटवर्क लायब्ररीत पाठवण्याच्या फंक्शनला त्यासाठी खास खूण देता येते: सगळं कर, तारेवर काही सोडू नकोस.

मला हा उपाय लगेच आवडला. जोडीदाराला अजिबात नाही. तो म्हणाला, "खोटी ऑर्डर एक दिवस खरी झाली तर?"

ही भीती हवेतली नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या कंपनीने नवं सॉफ्टवेअर बसवलं. आठ सर्व्हरांपैकी एकावर नवा कोड पोचलाच नाही. नव्या सोयीसाठी जी खूण वापरली होती, तीच खूण त्या आठव्या सर्व्हरवरच्या वर्षानुवर्षं न वापरलेल्या जुन्या कोडला जागं करायची. सुमारे पाऊण तास तो सर्व्हर बाजारात ऑर्डरी ओतत राहिला आणि कंपनीचे ४४ कोटी डॉलरच्या वर गेले. वेगाच्या गोष्टी सांगताना लोक ही गोष्ट विसरतात. जोडीदार विसरत नाही, म्हणून तो जोडीदार आहे.

शेवटी ठरलं ते असं. खोट्या ऑर्डरीत नग शून्य. चुकून बाहेर पडलीच तर एक्स्चेंज शून्य नगांची ऑर्डर परत करेल. खरी-खोटी ठरवणारी खूण कुठल्या सेटिंगच्या फाइलमध्ये नाही, कोडमध्येच. म्हणजे रात्री कोणी फाइल बदलून ती उलटवू शकत नाही. आणि खोट्या ऑर्डरी फक्त फीडची रांग रिकामी असतानाच, नाहीतर खोटं चालू असताना खरं पॅकेट दारात ताटकळायचं.

मग शनिवारचं मॉक आलं. एक्स्चेंज सुटीच्या दिवशी लुटुपुटूचा बाजार भरवतं. नवा कोड आम्ही तिथे फिरवल्याशिवाय खऱ्या बाजारात नेत नाही. आम्ही तिघं चहा घेऊन स्क्रीनसमोर. पहिली मिनिटं गेली. फीड येतंय, फरक उघडताहेत, ऑर्डर एकही नाही. अर्धा तास. शून्य. मुंबईहून फोन: "आता तर झोपूनच गेलं की हो!"

कारण सापडल्यावर हसावं की रडावं कळेना. सेकंदाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त ऑर्डरी जाऊ नयेत म्हणून आमच्याच कोडमध्ये एक मोजणी होती. खोट्या ऑर्डरी त्याच वाटेने जात होत्या, म्हणून मोजणी त्यांनाही मोजत होती. दर सेकंदाचा कोटा खोट्यांनीच संपवला आणि खऱ्या आल्या तेव्हा दार बंद. ऑर्डर क्रमांकांचंही तेच, क्रमांक हजारोंनी पुढे सरकलेले.

सरळ सुचणारी दुरुस्ती म्हणजे 'खोटी असेल तर मोजू नको'. पण मग खोटी ऑर्डर मोजणीच्या मेमरीला हातच लावणार नाही, आणि ती मेमरी पुन्हा थंड. आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीने, जी तेव्हा वालचंदमधून पास होऊन जेमतेम वर्ष झालेली होती, फळ्यावर एकच ओळ लिहिली. मोजणीत १ मिळवू नका, *खरेपणा* मिळवा. खरी असेल तर १, खोटी असेल तर ०. कोड तोच चालतो, मेमरी तीच हाताळली जाते, वाट कुठेही फुटत नाही, आणि शून्य मिळवल्याने हिशेब जागच्या जागी राहतो. ऑर्डर क्रमांकालाही तेच, पोझिशनलाही (हातात किती माल आहे त्या हिशेबालाही) तेच. जोडीदाराने तिला विचारलं, "हे कुठे वाचलंस?" ती म्हणाली, "वाचलं नाही दादा, शून्य मिळवलं तर काय होतं ते शाळेत शिकवतात."

पुढच्या मॉकमध्ये ऑर्डरी गेल्या. खऱ्या बाजारात पंधरा दिवस बघितलं: शांततेनंतरची ऑर्डर ८ ते ९ मायक्रोसेकंदांत. आलेखावरचा चढ जवळपास सपाट झाला. दुपारच्या ऑर्डरी लागायला लागल्या. सगळ्या नव्हे, ज्यांनी निर्णयच एफपीजीए या हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपमध्ये कोरून ठेवला आहे ते एका मायक्रोसेकंदाच्या आत उत्तर देतात, त्यांच्याशी आमची स्पर्धा नाही आणि असण्याचं सोंगही आम्ही करत नाही. डेस्कप्रमुखांनी कौतुकाचा फोन केला नाही. तक्रारीचा आला नाही, तो आम्ही कौतुकात धरला.

चाचणी मात्र बदलावी लागली. आता रेकॉर्ड केलेला दिवस आम्ही ज्या वेगाने घडला त्याच वेगाने सोडतो, मर्यादा खरी, शांतता खरी. सव्वानऊला सुरू होतो, साडेतीनला संपतो. एक ओळ बदलली तरी निकालाला सव्वासहा तास. पोरं कुरकुरतात. परवा पावणेतीनला वीज गेली, इन्व्हर्टरने मान टाकली आणि चाचणी मधेच मेली. वीज साडेचारला आली. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला पुन्हा पहिल्यापासून सोडली.